उभे प्रवासी

चौदा वर्षं परभणी–जिंतूर रोडवर
दांडी न धरता उभी राहिले.
एका हातात मशीन, दुसऱ्यात सुट्टे,
मांडी सीटच्या कोपऱ्याला टेकवायची,
खड्डा यायच्या आधीच गुडघा सैल सोडायचा.
कुठला खड्डा कुठं, हे पायाला पाठ होतं,
डोक्याला विचारावं लागत नव्हतं.

आता फरशी जागची हलत नाही
आणि मी हलते.

"कामून हलायलीस गं?" सासू विचारते.
नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलेलं नाव
तिच्या तोंडात बसत नाही,
शेजारणींना ती म्हणते, वारं गेलं.
मी दुरुस्त करत नाही.
वारं निदान ओळखीचं असतं.
हे जातं, परत येतं,
रजेचा अर्ज न देता गेलेल्या माणसासारखं
कधी हजर होईल सांगत नाही.

दवाखान्यात दोन दांड्या, मधे आठ फूट रस्ता.
नुमान नावाचा फिजिओ, पंचविशीचा पोरगा,
म्हणतो, मॅडम, दांडी धरा.
मी म्हणते, बाबा, हेच लोकांना सांगत आले जन्मभर,
मला सवय नाही.
तो हसतो. धरा तरी.
टाच. मग बोटं. मग वजन.
टाच. बोटं.
जे कधी शिकलेच नव्हते
ते विसरले म्हणून शिकते आहे.
आठ फुटांना नऊ मिनिटं.
एवढ्यात आमची गाडी गाव सोडून
टॉपला लागायची.

हातासाठी त्यानं रबरी चेंडू दिला.
मी ज्वारीचं पीठ घेतलं.
भाकरी परातीत फिरत नाही,
एका अंगाला जाडच राहते.
लेक ती कडेनं मोडून खाते, बोलत नाही.
ते न बोललेलं मला ऐकू येतं.

मे महिना. पारा चव्वेचाळीस.
दुपारी दोनला उजव्या डोळ्यावर
गाडीची मागची काच चढते, धुळीची.
अंग थंड ठेवा म्हणतात,
आणि नळ येतो दहाव्या दिवशी.
टॉवेल बुडवायचा, मानेवर ठेवायचा,
पिळून तेच पाणी बादलीत.
संध्याकाळी त्याच पाण्यानं फरशी पुसते लेक.
वाळेपर्यंत मी पलंगावरून उतरत नाही.

बोरीला एक माणूस चढायचा.
इस्त्रीचा शर्ट, कोरलेली मिशी,
अपंगांच्या जागेवर बसायचा.
एकदा बाजाराच्या गर्दीत मी त्याला उठवलं :
"धडधाकट दिसताय की दादा."
त्यानं खिशात हात घातला.
कागदाचं टोक दिसलं मला. दिसलं होतं.
मग त्यानं तो काढलाच नाही.
वरची दांडी दोन्ही हातांनी धरून
झरीपर्यंत उभा राहिला,
आणि मी त्याच्या बाजूनं तीनदा गेले,
आत सरका, आत सरका, म्हणत.

आता मला हलकं काम, चौकशीची खिडकी.
सांजेला जीभ जड होते.
परवा एक जण मित्राला म्हणाला,
बाई घेऊन आलीय वाटतं.
मी माईकवर जिंतूरची गाडी पुकारली,
एकेक गाव सुटं करून.
बोरीला जरा थांबले.

नुमान म्हणाला, आता चालत्या गाडीचा सराव करा.
रविवारी बसले. पुढची जागा, खिडकीची.
नवी कंडक्टर, विशीतली, घामानं डबडबलेली.
"मावशी, ही जागा अपंगांची आहे."
मी पिशवीतून कागद काढला.
ती राहू द्या म्हणाली.
मी म्हटलं, नाही. वाच.
सगळा वाच.
मागचे लोक ओरडत होते तिकिटासाठी,
तिनं वाचला, ओठ हलवत.

झरीच्या अलीकडं मी उभी राहिले,
दांडी धरून, दोन्ही हातांनी.
पुलाआधीचा खड्डा आला
आणि गुडघा आपोआप सैल सुटला,
कुणी सांगितलं नव्हतं त्याला.

पुढचा खड्डा मात्र नवा होता.